सुजियाच्या गोष्टीतला 'बाई' हा शब्द ठेवायचा कुठे?

आमची एक ऐकायची बैठक असते, पाच-सहा घरं, दर महिन्याला एकेकाकडे, पोहे-चहा आणि जुनी रेकॉर्डिंग्ज. गेल्या वेळी पाळी माझी होती म्हणून मी पोर्तुगालची चेलोवादक गिल्येर्मिना सुजिया लावली. (चेलो म्हणजे व्हायोलिनचाच मोठा भाऊ, बसून वाजवायचा.) हायडनचा डी मेजर चेलो कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, रेकॉर्डिंग 1928 चं, ऑर्केस्ट्रा कंडक्टर जॉन बार्बिरोलींच्या हाताखाली. जुन्या तबकडीची खरखर आहेच, पण दोन मिनिटांत कान ती बाजूला सारतात आणि मग जो स्वर येतो तो इतका सरळ, इतका ताठ कण्याचा आहे की पहिली मूव्हमेंट संपेपर्यंत कुणी कपसुद्धा उचलला नाही. त्यानंतर मात्र जो वाद पेटला तो साडेदहापर्यंत चालला, आणि घरी सगळे जाऊन झोपले असतील पण मला झोप आली नाही, कारण वाद विषयाचाच नव्हता, भलतीकडेच चालला होता.

एका काकांचं म्हणणं, तू ओळख करून देताना 'त्या काळातली महिला चेलिस्ट' असं म्हणालीस तेच चुकलं. डोळे मिटून ऐक, बाई वाजवतेय की पुरुष हे कळतं का? कलेत कसलं आलंय बाई-पुरुष? त्यावर आमच्यातली एक ताई उसळली. तिचं म्हणणं, हेच करून बायकांना पुसून टाकता तुम्ही, सुजिया पाब्लो कासाल्स या नामवंत चेलोवादकाबरोबर सहा-सात वर्षं राहिली, नंतर त्यांनी तिचा विषयच बंद केला, एका चित्रकाराने तिला लाल गाऊनमध्ये बसवून प्रसिद्ध केलं, पुरुषांनी तिचा बळी घेतला म्हणून आज तिचं नाव कुणाला माहीत नाही. मग काका म्हणाले बळी कसला, उलट कासाल्समुळेच ती घडली. आणि मग उरलेली संध्याकाळ आम्ही एका बाईच्या वाजवण्याबद्दल बोलायचं सोडून तिच्या संसाराबद्दल बोलत बसलो.

मला स्पष्टच म्हणायचंय की दोघंही चुकतायत, आणि एकाच जागी चुकतायत. काका 'बाई' हा शब्द गोष्टीतून काढूनच टाकतात, ताई तो उचलून नेऊन घराच्या आत, नवराबायकोच्या भांडणात ठेवते. माझं म्हणणं असं, की तो शब्द राहू दे, पण जिथे त्याने खरोखर वाट अडवली तिथे ठेवा. खुर्चीवर ठेवा, दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवा, ऑर्केस्ट्रातल्या नोकरीत ठेवा, वाद्य कुणाच्या मालकीचं या प्रश्नात ठेवा, आणि शेवटी तिच्या मृत्युपत्रात ठेवा. तिथे ठेवला की सुजिया नीट दिसते.

आधी तारखा नीट लावून घेऊ, कारण अर्धा वाद तारखा माहीत नसल्यामुळेच होतो. सुजिया 1885 ला पोर्तुगालमधल्या पोर्तोला जन्मली. वडील ऑगुस्तो स्वतः चेलोवादक, त्यांनीच हातात चेलो दिला, बहीण व्हर्जिनिया पियानो वाजवायची. सात वर्षांची असताना पोर्तोच्या शेजारच्या मातोझिन्योश गावात तिने पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. 1898 मध्ये कासाल्स, तेव्हा तेही विशीतले, पोर्तोजवळच्या एस्पिन्यो या समुद्रकाठच्या गावी कॅसिनोत वाजवायला आले होते, तर वडील पोरीला घेऊन शिकवणीला जात. 1901 मध्ये राणी अमेलियाने शिष्यवृत्ती दिली आणि ती जर्मनीत लाइपझिगला युलियुस क्लेंगेल यांच्याकडे शिकायला गेली. 1903 मध्ये, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, तिथल्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राबरोबर आर्थर निकिश यांच्या हाताखाली एकटीने फोल्कमानचा कॉन्चेर्तो वाजवला. निकिश म्हणजे त्या काळातल्या कंडक्टरांमधलं सगळ्यात मोठं नाव, आणि गेवांडहाउस म्हणजे संगीतकार मेंडेल्सझोनची जागा. कासाल्सबरोबर पॅरिसला राहायला ती गेली 1906 मध्ये! तीन वर्षांनंतर. आता सांगा, कुणी कुणाला घडवलं म्हणायचं?

आता काकांचा मुद्दा, आणि तो हलका नाही हे मी मान्य करते. डोळे मिटून ऐकलं तर खरंच कळत नाही. आणि सुजियाला स्वतःला हेच हवं होतं असं तिच्या वागण्यातून दिसतं. 1920 मध्ये लंडनला 'म्युझिक अँड लेटर्स' नावाचं त्रैमासिक सुरू झालं (ते सुरू करणारे फॉक्स स्ट्रँगवेज म्हणजे 1914 ला हिंदुस्थानी संगीतावर जाडजूड पुस्तक लिहिणारे तेच गृहस्थ), त्याच्या पहिल्याच वर्षात तिने लेख लिहिला आणि विषय घेतला चेलो. लोकांना तिच्याकडून काय ऐकायचं होतं याचा अंदाज आपण करू शकतो, तिने लिहिलं मात्र वाद्यावर. म्हणजे काका म्हणतात तो मान तिलाही हवा होताच. पण मान हवा असणं आणि मान मिळण्याची वाट मोकळी असणं या दोन गोष्टी आहेत ना? डोळे मिटून ऐका म्हणणं सोपं आहे, पण डोळे मिटायच्या आधी तिला तिथे येऊन बसावं लागलं, आणि सगळी अडचण त्या बसण्यातच होती.

चेलो हे वाद्य दोन गुडघ्यांमध्ये धरतात. एवढी साधी गोष्ट. पण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात बाईने चारचौघांत गुडघे फाकवून बसायचं हे कुणाला सहन होईना. पियानो चालेल, हार्प चालेल, दोन्हीत बाई शोभून दिसते म्हणे. व्हायोलिनलासुद्धा नाकं मुरडायचे, ते विल्मा नेरुदासारख्या बायकांनी वाजवून वाजवून बंद केलं. चेलोचं तर नावच नको. मग ज्या मुलींना वाजवायचंच होतं त्यांना तोडगा काय दिला, तर घोड्यावर बायका बसायच्या तसे दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसा आणि चेलो शेजारी टेकवून वाजवा, नाहीतर उजवा गुडघा वाकवून चेलोच्या मागे दडवा. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात चेलोच्या बुडाला एंडपिन, म्हणजे जमिनीवर टेकायचा टोकदार खुंटा, सर्रास लागायला लागला, त्याच्या आधी वाद्य पोटऱ्यांत आवळून धरावं लागायचं. खुंट्यामुळे बायकांची सोय झाली असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे, पण त्याच खुंट्यामुळे चेलो आपल्या आपण उभा राहायला लागला आणि पाय एका बाजूला टाकून वाजवणं आणखीच सोपं झालं. म्हणजे सोय आली तरी नजर बदलली नाही.

माझी भाची पुण्यात गेली दीड वर्षं चेलो शिकतेय, तिच्या पहिल्या तासाला मी बरोबर गेले होते. बाईंनी तिला खुर्चीच्या अगदी कडेला बसवलं, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, गुडघे चेलोच्या दोन्ही कुशींना जेमतेम लागतील असे. गुळगुळीत फरशीवर खुंटा सारखा घसरत होता म्हणून खाली रबराची चकती ठेवली. मग गज हातात दिला आणि सांगितलं की दाबायचं नाही, पाठीतून वजन खाली येऊ दे, खांद्यातून, कोपरातून, मनगटातून, आपोआप तारेवर उतरेल. पोरीने पाच-सहा वेळा किर्र किर्र केलं आणि मग एकदम जाड तारेवर असा काही घुमारा आला की ती स्वतःच दचकली, तिला तो आवाज छातीत लागला. घरी आल्यावर मी मुद्दाम तिला दोन्ही पाय डावीकडे घेऊन वाजवायला सांगितलं. कंबर पिळली गेली, खांदा वर आला, आणि पाठीतलं वजन तारेपर्यंत पोचेचना. आवाज पातळ, चिमटीत धरल्यासारखा. आता विचार करा की याच बसण्यात वाजवणाऱ्या मुलींबद्दल समीक्षक लिहिणार की बायकांच्या वादनात गोडवा असतो पण जोर नसतो! आधी पाय बांधायचे आणि मग धावता येत नाही म्हणायचं.

सुजिया सरळ बसली. चेलो समोर, गुडघे दोन्ही बाजूंना, वरून घेरदार गाऊन. ती एकटीच नव्हती, इंग्लंडमध्ये मे मकल होती, बिआट्रिस हॅरिसन होती जिला खुद्द संगीतकार एल्गरने आपल्या कॉन्चेर्तोच्या रेकॉर्डिंगला घेतलं. पण युरोपभरच्या मोठमोठ्या स्टेजवर, भरलेल्या हॉलसमोर, बाई अशी बसते आणि त्यात काही वावगं नाही हे पटवण्यात सुजियाचा वाटा फार मोठा आहे. काकांना डोळे मिटून जो आवाज ऐकू आला तो या बसण्यातून आलाय. मग आवाज घ्यायचा आणि बसणं विसरायचं, हे कसं चालेल?

काका म्हणतील हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं, आता काय त्याचं. ठीक आहे, तारखा बघू. 1913 मध्ये लंडनला हेन्री वुड यांनी क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात सहा बायका घेतल्या त्याची केवढी चर्चा झाली. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले म्हणून बऱ्याच ऑर्केस्ट्रांनी बायका घेतल्या, आणि 1920 मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राची सूत्रं हॅमिल्टन हार्टींकडे आली तेव्हा तिथल्या बायकांना काढून टाकलं. ज्या वर्षांत लंडन सुजियासाठी टाळ्या वाजवत होतं त्याच वर्षांत! म्हणजे समोर एकटी बसलेली चमत्कार म्हणून चालते, पण मागच्या रांगेत पगारावर बसलेली चालत नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने बाईला सभासद करून घेतलं ते 1997 मध्ये. आपल्यातल्या कितीतरी जणांची तोपर्यंत लग्नं झाली होती. आणि अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांनी साधारण 1970 पासून भरतीच्या वेळी पडदा लावायला सुरुवात केली, उमेदवार पडद्यामागून वाजवणार, परीक्षक फक्त ऐकणार. काकांचं 'डोळे मिटून ऐका' ते हेच की. पण कलेत बाई-पुरुष नसतं तर मोठमोठ्या परीक्षकांसमोर पडदा टांगायची वेळ कशाला आली असती?

आता ताईच्या बाजूकडे येते, आणि खरं सांगायचं तर माझं मन तिच्या बाजूला जास्त ओढतं म्हणूनच तिच्याशी जास्त भांडावंसं वाटतं. तिचं जे खरं आहे ते आधी. पॅरिसच्या त्या वर्षांत कार्यक्रमांच्या जाहिरातीत काही वेळा तिचं नाव 'मादाम कासाल्स-सुजिया' असं छापलं जायचं, लग्न झालेलं नसताना. एमानुएल मोर या संगीतकाराने दोन चेलोंसाठी कॉन्चेर्तो लिहून दोघांना अर्पण केला, म्हणजे कलावंत म्हणून बरोबरीचं स्थान होतं, पण जगाला दिसायची ती 'कासाल्सची' म्हणूनच. वेगळं झाल्यावर कासाल्स तिच्याबद्दल बोलायला टाळायचे. आणि तिची रेकॉर्डिंग्ज खरंच थोडी आहेत, कासाल्सच्या मानाने तर फारच थोडी, त्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या कानावर ती पडलीच नाही. हे सगळं मान्य. कासाल्सकडून ती खूप शिकली हेही मान्य करावं लागेल. जुन्या पद्धतीत उजव्या काखेत पुस्तक धरून गज चालवायला शिकवायचे, हात अंगाला चिकटलेला राहावा म्हणून, तो हात मोकळा करणं हे कासाल्सचं मोठं काम, आणि ते तिने जवळून पाहिलं.

पण यातून 'बळी' कुठून आला? 1913 च्या सुमाराला ते नातं संपलं, 1914 मध्ये ती लंडनला आली, एकटी, वय एकोणतीस, महायुद्ध दारात. आणि तिची खरी कारकीर्द तिथून पुढे आहे! पुढची दहा-बारा वर्षं लंडन म्हणजे सुजिया. ज्या बाईने नातं संपल्यावर नव्या देशात जाऊन स्वतःच्या नावावर हॉल भरवले तिला बळी म्हणणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे, आणि तो आपण प्रेमाने करतो म्हणून जास्त लागतो. कासाल्सने घडवली म्हणणारे आणि कासाल्सने संपवली म्हणणारे, दोघांच्याही गोष्टीत कर्ता कासाल्सच राहतो. वाक्य उलटं केलं तरी कर्ता तोच.

चित्राचंही तेच. ऑगस्टस जॉनने काढलेलं 'मादाम सुजिया' लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. 1920 ला सुरू केलं, 1923 ला संपवलं, ऐंशीच्या आसपास बैठका झाल्या. ताई म्हणते की बघा, शेवटी बाईचं काय उरलं तर लाल गाऊन. मी ते चित्र पुन्हा मोठं करून नीट पाहिलं. गाऊन आहेच, अर्धी चौकट लालच आहे, जमिनीवर पसरलेला. पण मान बघा ना, ताठ, चेहरा एका बाजूला वळलेला, चित्रकाराकडे बघतच नाहीये ती. आणि गज धरलेला हात पूर्ण ताणलेला, चित्रासाठी धरलेला वाटत नाही, स्वर चालू असताना पकडलेला वाटतो, कारण तो चालूच होता, बैठकांमध्ये ती बाख वाजवायची. ऐंशी वेळा! चित्रकार रंगवतोय आणि ही रियाज करतेय. आपल्याला तिथे मॉडेल दिसते की कामावर बसलेली बाई दिसते, हे आपल्यावर आहे.

इथे मला केसरबाई आठवतात, आणि उगाच नाही. सुजिया पोर्तोची, 1885 ची, केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या, 1892 च्या, मोगूबाई कुर्डीच्या, 1904 च्या. तिघींची जन्मगावं एकाच पोर्तुगीज राजवटीखाली. त्यापलीकडे त्यांचा एकमेकींशी काही संबंध आला नाही, संगीत वेगळं, अडचणीही वेगळ्या, आणि आपल्याकडे जातीची आणि देवळाशी बांधलेल्या घराण्यांची जी गाठ होती तिला युरोपात जोड नाही. पण गंगूबाई हनगल म्हणायच्या ना, की पुरुष मोठा झाला की पंडित होतो, उस्ताद होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात. त्यात गंगूबाईंनी 'बाई हा शब्द काढा' असं म्हटलं का? नाही, तो शब्द कुठे बसवलाय त्याकडे बोट दाखवलं. आणि हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली करायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी बदललं काय, राग तर तेच होते. बदलली ती बसायची जागा आणि पैशाचा मार्ग. ऐकणारा तिकीट काढून समोर येऊन बसला की गाणारीचं नातं आश्रयदात्याशी राहत नाही, कामाशी जोडलं जातं. सुजियाच्या बाबतीत मी हेच म्हणतेय.

पैशावरून एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, नाहीतर मीही तिची देवी करून ठेवीन. सुजिया काही फाटक्या घरातून वर आली नाही. घरात संगीत, राणीची शिष्यवृत्ती, पुढे लंडनमध्ये श्रीमंत मित्र. 'कंट्री लाइफ' साप्ताहिकाचे मालक एडवर्ड हडसन, लिंडिसफार्न बेटावरच्या किल्ल्याचे धनी, यांच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि 1717 सालचा स्ट्रॅडिव्हेरियस (म्हणजे इटलीतल्या स्त्रादिवारी या नामवंत कारागिराने घडवलेला) चेलो तिच्याकडे आला तो त्यांच्या पैशातून. लग्न मोडलं, चेलो तिच्याकडे राहिला. यावर लोक नको ते बोलतात, आमच्या बैठकीतही कुणीतरी हसलं. मला त्या हसण्याचा राग आला. पुरुष वादकांना राजे, सरदार, उद्योगपती वाद्यं द्यायचे त्याला आपण आश्रय म्हणतो, दानत म्हणतो, आणि बाईला वाद्य मिळालं की तिने काय दिलं असेल याचा हिशोब सुरू. इतकं महाग वाद्य त्या काळात एखादी बाई फक्त वाजवण्याच्या कमाईतून कशी घेणार होती, हा प्रश्न कुणाला पडत नाही. 'बाई' हा शब्द इथेही हवा, पण वाद्याच्या किमतीशेजारी. हो, आणि 1927 मध्ये तिने पोर्तोच्या डॉ. कार्तेयादो मेना यांच्याशी लग्न केलं तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, आणि त्यानंतरही स्टेजवर सुजियाच राहिली.

आता 'पहिली' या शब्दाचं. तिची ओळख करून देताना लोक सर्रास 'पहिली स्त्री चेलोवादक' म्हणतात आणि ते चूक आहे. तिच्या अर्धशतकाहून आधी लिझ क्रिस्तियानी होती. पॅरिसची, 1827 चा जन्म, 1845 मध्ये ती त्याच गेवांडहाउसमध्ये वाजवून आली होती (इमारत मात्र आधीची, वेगळी), मेंडेल्सझोनने चेलो-पियानोसाठी एक 'शब्दांविना गीत' तिला अर्पण केलं. तिच्याकडेही स्ट्रॅडिव्हेरियस होता, 1700 सालचा, आजही तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तो चेलो घेऊन ही मुलगी सैबेरिया ओलांडून पार कामचट्कापर्यंत गेली, बर्फातून, आणि 1853 मध्ये रशियात नोवोचेर्कास्कला कॉलऱ्याने वारली, वय पंचवीस. यापेक्षा मोठं धाडस काय असतं? आणि तरी तिच्यानंतर पन्नास वर्षं मुलींना पाय एका बाजूला घेऊनच बसवत होते. तिच्यामागे वाट परत बुजली. पहिलं येऊन एवढंच होत असेल तर 'पहिली' या शब्दाला आपण इतकं का कवटाळतो?

म्हणून सुजियाच्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट गेवांडहाउसची नाही, कासाल्सची नाही, चित्राचीही नाही. 31 मे 1950 ला आवेइरो गावात तिने शेवटचं वाजवलं, तेव्हा कॅन्सर अंगात होता, आणि 30 जुलैला पोर्तोत ती गेली. मृत्युपत्रात तिने लिहून ठेवलं होतं की स्ट्रॅडिव्हेरियस लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिककडे जावा, तो विकावा आणि त्या पैशातून तरुण चेलोवादकांना मदत मिळावी. दुसरा चांगला चेलो, मोंतान्याना या कारागिराने घडवलेला, पोर्तोच्या कॉन्झर्व्हेटरीकडे, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी. जे वाद्य मिळवताना तिला इतकं ऐकून घ्यावं लागलं असेल, ते तिने विकायला सांगितलं. संग्रहालयात काचेत ठेवून खाली नावाची पाटी लावा असं नाही सांगितलं.

या निधीला 'सुजिया गिफ्ट' म्हणतात, आणि इथे काकांना माझ्यावर उलटता येईल, कारण ही मदत फक्त मुलींसाठी नव्हती. 1955 मध्ये ती मिळालेल्यांत एक मुलगा आहे, रोहन डी सराम, कुटुंब श्रीलंकेचं. त्यातून तो बार्बिरोलींकडे शिकला आणि पोर्तो रिकोला (हे कॅरिबियनमधलं बेट, पोर्तो शहर नव्हे) जाऊन कासाल्सकडेही शिकला. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलेच. तिच्या चेलोच्या पैशातून एक पोरगा कासाल्सकडे शिकायला गेला. ताई, बळी गेलेल्या माणसाच्या पैशाचा प्रवास असा असतो का गं? आणि काका, तिने अट घातली नाही म्हणजे तिला फरक दिसत नव्हता असं नाही होत. ज्याला दार बंद असणं म्हणजे काय ते कळलंय तो दुसरं दार बांधताना अर्धंच उघडं ठेवत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेते.

पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, निवड समितीत बार्बिरोली होते, 1928 च्या त्या हायडनमध्ये सुजियाला साथ देणारे तेच. समोर अकरा वर्षांची एक मुलगी येऊन बसली, जॅकलिन दु प्रे. तिला सुजिया गिफ्ट मिळालं आणि विल्यम प्लीथ यांच्याकडच्या शिक्षणाची सोय झाली. 1965 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने बार्बिरोलींबरोबर एल्गरचा कॉन्चेर्तो रेकॉर्ड केला, चेलो न ऐकणाऱ्यांनीही तो कधीतरी ऐकलेला असतो. (आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी तिच्याबरोबर शूबर्टच्या 'ट्राउट' पंचकात डबल बास वाजवलाय.) दु प्रे कशी वाजवायची ते आठवा, पूर्ण अंग झोकून, केस तोंडावर, पाय हवे तसे रोवून. अकराव्या वर्षी त्या समितीसमोर बसताना तिला पाय कसे ठेवू हे कुणाला विचारावं लागलं नसणार. क्रिस्तियानीमागे बुजलेली वाट इथे बुजली नाही, कारण या वेळी मागे पैसे होते, संस्था होती, शिकवणारे होते.

आणि दुर्दैव बघा, दु प्रेचीही गोष्ट आपण तशीच सांगतो. तिचं लग्न, तिचं आजारपण, 1973 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसने हातातून सुटलेला गज, 1987 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी मृत्यू, घरातली भांडणं. एल्गरच्या सुरुवातीचे ते चार कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे झुबके, ती कशी फाडून काढते यावर कुणी दोन वाक्यं बोलत नाही. आजार खरा आहे, दुःख खरं आहे, मी कुठे नाही म्हणते, पण तिने वाजवलेलंही तितकंच खरं आहे की.

पोर्तोत 2005 मध्ये कासा दा मुझिका नावाची मोठी संगीतवास्तू उघडली, तिच्या मुख्य सभागृहाचं नाव साला सुजिया. नुसतं सुजिया. काका याला आपल्या बाजूचा पुरावा म्हणतील, ताई म्हणेल पंचावन्न वर्षं उशीर झाला, आणि या बाबतीत दोघांचंही मला पटतं.

पुढची बैठक पुन्हा आमच्याकडेच ठेवलीय. 1928 चा हायडन आणि लगेच 1965 चा एल्गर, कंडक्टर एकच, मधे सदतीस वर्षं. सगळ्यांना द्यायला माहितीचा कागद मी तयार केलाय. त्यात 'पहिली' हा शब्द नाही. कासाल्सचं नाव तिसऱ्या ओळीत आहे, 1898, एस्पिन्यो, शिक्षक म्हणून, आणि नंतर एकदा दोन चेलोंच्या कॉन्चेर्तोपाशी. हडसनचं नाव चेलोच्या किमतीबरोबर आहे. मृत्युपत्र आहे. आणि बसण्यावर एक अख्खा परिच्छेद आहे, तो काकांनी आधीच फोनवर कापायला सांगितलाय, पण मी कापणार नाही, कागद दोन पानी झाला तरी चालेल. भाचीला चेलो घेऊन बोलावलंय, ती दोन्ही पद्धतींनी बसून तीच ओळ वाजवून दाखवणार आहे, आधी पाय एका बाजूला घेऊन आणि मग नीट. काकांनी त्या वेळी डोळे खुशाल मिटावेत.